ग्रॅमच्या काट्यावरचं जेवण : मुलांची मिरगी आणि केटोजेनिक आहार

मागच्या अंकात मुलांच्या मिरगीवरच्या लेखात केटोजेनिक आहाराचा चार ओळींचा उल्लेख आला होता. त्यावर विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून पत्रं आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. दोन गोळ्या आणि एक सिरप चालू आहे, तरी दिवसातून आठ-दहा वेळा मान टाकते, कधी उभ्याउभ्या पडते. मोबाइलवर वजन कमी करायच्या केटोचे व्हिडिओ आहेत. त्यातलं पाहून घरीच सुरू केलं तर चालेल का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

नाही ताई, घरी सुरू करू नका. दोन्हीचं नाव एक असलं तरी काम वेगळं आहे. व्हिडिओतल्या केटोत माणूस अंदाजानं भात-पोळी सोडतो. मिरगीसाठीचा केटोजेनिक आहार हे औषध आहे. मुलीचं वजन, वय आणि तपासण्या पाहून त्याचा डोस ठरतो, आणि तो ग्रॅममध्ये असतो. साखर-पिष्ट जवळजवळ बंद झालं आणि तूप-तेल भरपूर मिळालं की यकृत चरबीपासून केटोन तयार करतं. मेंदू ग्लुकोजऐवजी केटोनवर चालू लागतो आणि पुष्कळ मुलांचे झटके त्यानं कमी होतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली ती मांडली. १९३८ मध्ये फेनिटोइन हे मिरगीचं औषध आलं, गोळी देणं सोपं होतं, म्हणून आहार मागे पडला. १९९० च्या दशकात तो पुन्हा पुढे आला.

नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही झटके थांबत नसतील, तर त्या मिरगीला औषधांना दाद न देणारी मिरगी म्हणतात. तुमच्या मुलीचं वर्णन त्यात बसतं. तेव्हा 'आहाराचा विचार करायचा का?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तो तुमचा हक्क आहे. काही आजारांत, उदाहरणार्थ मेंदूपर्यंत ग्लुकोज पोचवणाऱ्या ग्लूट-१ या वाहकाच्या कमतरतेत, आहार हाच पहिला उपचार असतो.

घरी सुरू करू नका म्हणण्याचं मोठं कारण म्हणजे काही मुलांना हा आहार जिवावर बेतू शकतो. चरबी जाळण्याच्या प्रक्रियेत जन्मजात दोष असेल, कार्निटिनची मूळचीच कमतरता असेल, पायरुव्हेट कार्बोक्झिलेज हे विकर कमी असेल किंवा पोर्फिरिया असेल, तर तुपावर ठेवलेलं मूल काही दिवसांत गंभीर होतं. म्हणून आधी रक्ताच्या तपासण्या होतात : साखर, यकृत, मूत्रपिंड, क्षार, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि असे दोष शोधणारी अ‍ॅसिलकार्निटिनची तपासणी. सोबत लघवीतलं कॅल्शियम आणि पोटाची सोनोग्राफी.

आपल्या भागासाठी एक गोष्ट जास्तीची. घरात कुणाला सिकलसेल असेल किंवा मुलीचीच तपासणी झालेली नसेल, तर ते पहिल्या भेटीतच सांगा. या आहारात रक्त थोडं आम्लाकडे झुकतं आणि पाणी कमी पडण्याची भीती असते. सिकलसेलच्या मुलाला या दोन्ही गोष्टी त्रासाच्या आहेत.

आणि आहार सुरू झाला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. गोळी अचानक सोडली तर झटक्यांची रांग लागू शकते.

प्रश्न : एवढं सगळं करून किती मुलांना फरक पडतो? (चिमूर, जि. चंद्रपूर)

लंडनमध्ये २ ते १६ वर्षांच्या मुलांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी आहारावरच्या १०० पैकी ३८ मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. आहाराविना असलेल्यांत हे प्रमाण ६ होतं. दिल्लीच्या एम्समध्ये थोड्या सैल आहारावर, म्हणजे मॉडिफाइड अ‍ॅटकिन्सवर, झालेल्या अभ्यासात (२०१३) हेच आकडे ५२ आणि ११.५ आले. झटके पूर्ण थांबणारी मुलं याहून बरीच कमी असतात. ज्या घरात औषध बदलून-बदलून थकवा आलाय, तिथे झटके निम्म्यावर येणं फार मोठी गोष्ट आहे. पण हमी कुणी देत नाही, आणि देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. तीन महिने नीट पाळून फरक दिसला नाही, तर आहार थांबवतात.

प्रश्न : आमच्याकडे दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी. भाकरीशिवाय पोराचं पोट कसं भरणार? नेमकं किती काय द्यायचं ते सांगा. (मूर्तिजापूर, जि. अकोला)

आधी आकडा पाहा. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं असतात. कडक केटोजेनिक आहारात १५ किलोच्या मुलाला दिवसभरात मिळून जेमतेम १० ग्रॅम मिळतात. म्हणजे एक भाकरी हा चार दिवसांचा कोटा झाला. 'अर्धी दिली तर काय होतं?' या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

कडक आहारात प्रमाण ४:१ किंवा ३:१ असतं. ४ ग्रॅम चरबीमागे प्रथिनं आणि कर्बोदकं दोन्ही मिळून १ ग्रॅम. समजा आहारतज्ज्ञांनी दिवसाला १००० कॅलरी ठरवल्या. ४:१ मध्ये चरबीचे ४ ग्रॅम म्हणजे ३६ कॅलरी, उरलेल्या १ ग्रॅमच्या ४, असा ४० कॅलरींचा एक घास धरा. १००० ला ४० नं भागलं की २५ घास. मग चरबी १०० ग्रॅम, प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून २५ ग्रॅम. त्यातली १५ ग्रॅम प्रथिनं मुलाच्या वाढीसाठी राखायची, उरतात १० ग्रॅम कर्बोदकं. याचे तीन जेवणांत सारखे भाग करायचे.

एक जेवण ताटात असं दिसतं : फेटलेलं अंडं ३५ ग्रॅम, भाजून सोललेलं वांगं ६० ग्रॅम, तूप-तेल मिळून २९ ग्रॅम, चवीला मीठ, चिमूटभर हळद-तिखट आणि थोडा सांबार (कोथिंबीर). अंडं फेटून काट्यावर घ्यायचं, कारण अख्खं अंडं कधी ४० ग्रॅमचं निघतं, कधी ५५ चं. कढईत वांग्याचं भरीत परतून त्यातच अंडं सोडायचं. तयार झालं की वाटीएवढंच होतं आणि तुपात पोहत असतं. पाहून आजीचा जीव कासावीस होणार, 'एवढंसं खाऊन पोर उपाशी राहील' असं ती म्हणणारच. पण त्या वाटीत सव्वातीनशे कॅलरी आहेत. केटोन तयार होऊ लागले की भूकही मंदावते.

सगळ्यात जास्त चूक होते ती तुपाची. जेवण बरोबर मोजलं, पण सात-आठ ग्रॅम तूप कढईला आणि ताटाला चिकटून राहिलं, तर ४:१ चं ३:१ झालं. म्हणून कढई लहान घ्या, रबरी उलथण्यानं निपटून काढा आणि ताटाऐवजी खोलगट वाटी द्या. थंडीत स्टीलच्या वाटीत तूप थिजतं आणि मूल ते बाजूला सारतं. वाटी कोमट पाण्यात धरून गरम करा, नाहीतर अर्धं तूप बदलून फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल घ्या, ते थिजत नाही. तूप वाटीत उरलंच, तर उरलेली भाजी त्यात कालवून शेवटचा घासही भरवा.

काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, बॅटरीवर चालणारा हवा. किराणा दुकानातल्या काट्यावर ३५ ग्रॅम कळत नाही. रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि मगच एकेक जिन्नस घालायचा. भाजी कच्ची मोजायची की शिजवून, हे तक्त्यात जसं लिहिलंय तसंच करा. शिजल्यावर पाणी उडून वांगं निम्मं होतं आणि सगळा हिशेब उलटतो.

मोकळेपणानं वापरता येतात अशा भाज्या आपल्याकडे भरपूर आहेत : पालक, मेथी, अंबाडी, चिवळ, काकडी, दुधी, वांगं, पानकोबी. त्याही मोजूनच. आलू, रताळं, गाजर, बीट, तुरीचं वरण, बेसनाचा झुणका, संत्रं, केळं, गूळ यांना जागा नाही. फल्लीदाण्यांना चरबीचे म्हणून लोक सूट देतात, पण ३० ग्रॅम दाण्यांत पाचेक ग्रॅम कर्बोदकं असतात. येता-जाता मूठभर दाणे खाल्ले की अर्धा दिवस गेला.

भाकरीची सवय मोडत नसेल, तर जवस कामी येतो. जवसातलं बहुतेक कर्बोदक तंतू असतं, ते पचत नाही. भाजलेल्या जवसाचं बारीक पीठ, खोबऱ्याचा कीस आणि थोडं इसबगोल गरम पाण्यात भिजवा, पाच मिनिटांत चिकट गोळा होतो. तो ओल्या फडक्यावर थापून तव्यावर तेल सोडून भाजा. ज्वारीसारखी फुगणार नाही, पण मोडून भाजीबरोबर खाता येते. वजनं आहारतज्ज्ञांकडून तक्त्यात बसवून घ्या. इसबगोल साधं घ्या, गोड चवीचं नको.

एवढी मोजणी रोज जमणार नाही असं वाटत असेल, घरी माणूस एकच असेल किंवा निंदणीला दिवसभर वावरात जावं लागत असेल, तर मॉडिफाइड अ‍ॅटकिन्सबद्दल विचारा. त्यात कर्बोदकं दिवसाला १० ते २० ग्रॅम एवढीच मोजायची, अंडी, पनीर, मटण-मासळी यांना बंधन नाही, आणि तूप-तेल प्रत्येक जेवणात भरपूर. फार शिकलेले नसलेल्या पालकांसाठी घरगुती मापांवरचा याचा सोपा प्रकार दिल्लीच्या डॉक्टरांनी तपासून पाहिलाय आणि तोही उपयोगी ठरला. आमच्या मते दोन वर्षांच्या पुढच्या मुलासाठी खेड्यातल्या बहुतेक घरांनी इथूनच सुरुवात करावी. तान्ह्या बाळांना मात्र मोजलेला कडक आहारच लागतो.

प्रश्न : आम्ही माळकरी. अंडं घरात येत नाही. मग आमच्या नातवासाठी रस्ता बंदच का? (पातूर, जि. अकोला)

बंद नाही आजोबा, थोडा चढाचा आहे. अंड्याची जागा पनीर घेतं. म्हशीचं दूध लिंबानं फाडा, फडक्यात गाळा, वरून दोन तांबे पाणी ओता आणि जड दगडाखाली दोन तास दाबा. दुधातली साखर निवळीबरोबर वाहून जाते, म्हणून पनीर जितकं नीट दाबलेलं, तितकं चांगलं. चक्क्याचंही तसंच. दह्याची पुरचुंडी रात्रभर टांगून ठेवा. साधं दूध मात्र द्यायचं नाही. २०० मिलीच्या ग्लासात १० ग्रॅम साखर असते, ती जिभेला फार गोड लागत नाही म्हणून फसगत होते.

घरच्या सायीचा भरवसा धरू नका. एका दिवशी ती घट्ट, दुसऱ्या दिवशी निम्मं दूध. तूप, लोणी, तेल यांत चरबी किती ते पक्कं ठाऊक असतं. शाकाहारी मुलाला प्रथिनं कमी पडतात का, हे उंची-वजनावरून दर महिन्याला पाहा.

प्रश्न : लघवीची पट्टी कधी जांभळी, कधी फिकी. एकदा तर काहीच रंग आला नाही. पट्टी खराब का आहार चुकला? (आर्णी, जि. यवतमाळ)

दोन्ही शक्य आहे. लघवीतले केटोन दाखवणारी ही पट्टी लघवीत बुडवून लगेच काढा आणि बाटलीवर जितके सेकंद लिहिलेत तितक्यांनीच रंग जुळवा. काही कंपन्यांच्या पट्टीला १५ सेकंद लागतात, काहींच्या ४०. दोन मिनिटांनी पाहिलेला गडद रंग खोटा. उद्दिष्ट सहसा ८० ते १६० चं असतं, म्हणजे रंगपट्टीवरचे शेवटचे गडद चौकोन.

आपल्या उन्हाळ्यात पट्ट्या लवकर मरतात. पत्र्याच्या घरात खिडकीशी ठेवलेली बाटली मे महिन्यात कामातून जाते. झाकण गच्च लावा, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका आणि बाटली माठाजवळच्या सावलीत ठेवा, पण माठावर नको, ओल लागते. शंका आली तर पालक दुसऱ्या बाटलीतली पट्टी वापरून ताडून पाहतात, तुम्हीही पाहा.

पट्टी चांगली असूनही रंग नाही, तर मागच्या २४ तासांत तोंडात काय-काय गेलं ते लिहून काढा. बहुतेक वेळा सापडतं : खोकल्याचं सिरप, शेजारच्या काकूंनी दिलेली चिक्की, गिळलेली गोड टूथपेस्ट.

उन्हाळ्यातली याहून मोठी गोष्ट पाण्याची. या आहारात शंभरात साधारण पाच-सात मुलांना मुतखडे होतात. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही मिरगीची औषधं चालू असतील तर धोका वाढतो. १५ किलोच्या मुलाला दिवसाला सव्वा लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. बाटलीवर पेनानं रेघा मारून ठेवा, दुपारपर्यंत एक रेघ, झोपेपर्यंत दुसरी. पाणी कमी झालं की लघवी दाट होते आणि पट्टीही उगाच गडद दिसते, तेव्हा 'केटोन छान आहेत' म्हणून निश्चिंत होऊ नका. लघवी लालसर दिसली, चड्डीत रेतीसारखं काही लागलं किंवा मूल कंबर-पोट धरून रडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खडे होऊ नयेत म्हणून पोटॅशियम सायट्रेट देतात.

बद्धकोष्ठता पुष्कळ मुलांना होते. पाणी, पालेभाजी, इसबगोल यांनी सुटली नाही, तर साखर नसलेलं रेचक लिहून घ्या. आणि जीवनसत्त्वं, कॅल्शियमच्या गोळ्या रोज हव्यातच. धान्य, डाळ, दूध, फळं सगळं गेल्यावर ही जीवनसत्त्वं कुठून मिळणार?

प्रश्न : तापात गावच्या दवाखान्यात नेलं, तिथे सिरप आणि सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी झटके वाढले. सलाइनमुळे का? (धानोरा, जि. गडचिरोली)

होऊ शकतं. ताप स्वतःच झटके वाढवतो, त्यात सिरपची साखर आणि डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं, सलाइन पडलं तर केटोन काही तासांत उतरतात. म्हणून एका पुठ्ठ्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून प्लास्टिकमध्ये घाला आणि फाइलच्या वर ठेवा : 'हे मूल मिरगीसाठी केटोजेनिक आहारावर आहे. सिरप नको, गोळी चुरून द्यावी. रक्तातली साखर कमी नसेल, तर डेक्स्ट्रोजऐवजी नॉर्मल सलाइन लावावं.' खाली तुमच्या डॉक्टरांचा फोन. रोजची मिरगीची औषधंही गोळीत बदलून घ्या. कोणती गोळी साध्या पाण्यात चुरून देता येते, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

पण एका बाबतीत मन घट्ट करायचं. हगवण-उलटीनं मूल सुकत असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी थांबली असेल, तर ओआरएस द्या. त्याच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, केटोन उतरतील, उतरू द्या. आहार आठवड्यात पुन्हा बसवता येतो.

मूल धापा टाकतंय, चेहरा लाल झालाय, सारखी उलटी करतंय, सुस्त पडलंय, तर केटोन अति झाले असण्याची शक्यता असते. घाम, थरथर, जागं न होणं ही साखर उतरल्याची खूण. दोन्हीत, मूल शुद्धीवर असून गिळत असेल, तर ३० मिली संत्र्याचा किंवा दुसरा गोड रस पाजा. १५-२० मिनिटांत फरक नाही, तर तेवढाच आणखी एकदा, आणि सोबतच दवाखान्याकडे निघा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही घालू नका.

झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, काही नको. ५ मिनिटं उलटली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा मारा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : अंगणवाडीत खिचडी, शाळेत भात, आणि तान्हा पोळा तर तोंडावर आलाय. पोराला कसं आवरू? (कुही, जि. नागपूर)

सेविकाताईंना आणि गुरुजींना प्रत्यक्ष भेटून सांगा, चिठ्ठी पुरत नाही. 'याला खिचडी चालत नाही' यापेक्षा 'हे याचं औषध आहे, एक घास गेला तर वर्गात झटका येऊ शकतो' असं सांगितलं की लक्षात राहतं. डबा घरचा, आणि बाकीची मुलं जेवतात त्याच वेळी, त्याच रांगेत.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी जाणाऱ्या पोराला खाऊ मिळणारच. आदल्या दिवशी आळीतल्या चार घरी पेन्सिल, फुगे, दोन-दोन रुपये नेऊन द्या आणि 'आमच्या बाबूला हेच द्या' म्हणून सांगा. घरी आल्यावर त्याच्यासाठी खोबरं-लोण्याचा साखर नसलेला लाडू तयार ठेवा, त्या दिवशीच्या मोजणीत धरून. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या चॉकलेटमध्ये माल्टोडेक्स्ट्रिनसारखं पिष्ट निघतं, मागचं लेबल वाचा.

चुकून पेढा गेलाच, तर रागावू नका, उपाशी ठेवू नका. पुढचं जेवण ठरल्याप्रमाणे द्या, पट्टी तपासत राहा, एक-दोन दिवस झटक्यांवर लक्ष ठेवा. मुलानं लपून खाल्लं आणि मार बसला, की पुढच्या वेळी ते सांगत नाही. मग झटके का वाढले ते कुणालाच कळत नाही.

प्रश्न : दीड वर्ष झालं, आठ महिन्यांत एकही झटका नाही. आता भाकरी सुरू करू का? (लाखांदूर, जि. भंडारा)

फार बरं वाटलं वाचून. पण एकदम नको. आहाराचा उपयोग होत असेल तर तो साधारण दोन वर्षं चालवतात. नंतर ४:१ वरून ३:१, मग २:१, असं दोन-तीन महिन्यांत उतरवतात. ग्लूट-१ सारख्या आजारात तो पुष्कळ जास्त वर्षं लागतो. गोळ्या कमी करायच्या असतील तर त्या आणि आहार एकाच महिन्यात कमी करू नका, नाहीतर झटका आला तर दोष कुणाचा हे उमगत नाही. पहिल्यांदा भाजी आणि पनीर वाढवतात, मग थोडं दूध, धान्य शेवटी. भाकरीची सुरुवात १० ग्रॅम पिठाच्या पापडाएवढ्या चानकीनं करा आणि काटा तेवढे दिवस कपाटात ठेवू नका. मध्येच झटका परतला, तर त्याच दिवशी मागच्या प्रमाणावर या आणि डॉक्टरांना फोन करा.